धोंड्याच्या वाणात मागितलेला डोह

यंदाचा अधिक महिना लागला त्या सकाळी सासूबाईंचा फोन आला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. बाकीचे जावई या फोनची तीन वर्षं वाट बघतात. अनारसे, चांदीचं निरांजन, वर पुरणाचे धोंडे. माझ्या हातातली चष्म्याची काडी मात्र गिऱ्हाइकाच्या कानात गेली.

“आवं जावईबापू, औंदा धोंड्याला काय घालायचं तुमाला?” मामी म्हणाल्या. आणि मी तोंड उघडायच्या आत, “वस्तूच मागा बरं का. हातात धरता येणारी.”

त्या ‘हातात धरता येणारी’मध्ये तीन वर्षांचा राग होता. कारण मागच्या अधिक महिन्यात मी वस्तू मागितली नव्हती. मी त्यांच्या नवऱ्याचा डोह मागितला होता.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस. गाव कराडच्या खाली, सांगली जिल्ह्यात, ऐन कृष्णेवर. कृष्णा माझ्या वाईतही आहे, पण वाईची कृष्णा पाय सोडून बसायची आणि त्यांची कृष्णा माणसं बुडवायची, असं मामांचं मत. त्यांना जावई फौजी हवा होता. मिळाला चष्मेवाला. लग्नाच्या मांडवात त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या पाहुण्याला, मला ऐकू जाईल अशा बेतानं, सांगितलं, “ऱ्हाऊ द्या. वारं सुटलं तर धराय माणसं हायती.”

या माणसानं मला कधी अरेतुरे केलं नाही. जावयाचा मान काटेकोर पाळला. पाट, तांब्या, पहिली पंगत, सगळं. आणि त्या मानात गुंडाळून असे वार केले, की जखम सापडेपर्यंत मी वाईला पोचलेलो असायचो. “जावईबापू, बोला की कायतरी. आमाला बी जरा झोप पायजे.” मीही कमी नव्हतो. मी त्यांचा मनापासून दुस्वास करायचो. फक्त वाकून, पायांना हात लावून.

त्यांचा एक डोह होता. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. दसरा झाला की मामा गळाची काठी घेऊन सकाळी उसात शिरायचे आणि न्याहारीच्या वेळेला हातभर मरळ लोंबकळवत परत यायचे. माझा मेव्हणा लहानपणी एकदा त्यांच्या मागून गेला होता. मामांनी मागं वळूनही न बघता त्याला तीन तास उसातून फिरवलं आणि घराच्या परड्यात आणून सोडलं. पोटच्या पोराला न दाखवलेली जागा ती.

तर मागच्या अधिक महिन्यातलं धोंड्याचं जेवण झालं. तेहतीस अनारसे माझ्यापुढे आले. मामांनी चार पाहुण्यांसमोर रिवाजाप्रमाणे विचारलं, “अजून काय इच्छा असंल तर बोला, जावईबापू. न्हाई म्हणणार न्हाई.” अशा वेळी जावयानं ‘काही नको, तुमचा आशीर्वाद असू द्या’ म्हणायचं असतं. मी पाचवा अनारसा गिळला आणि म्हणालो, “मामा, तुमचा मरळीचा डोह दाखवा.”

मला वाटलं होतं, पंगत हसेल. पंगत हसली नाही. मामांच्या जबड्यावर एक शीर उडायला लागली. अधिक महिन्यात, भरल्या पंगतीत, तोंडानं कबूल करून जावयाला नाही म्हणणं त्यांना जमणार नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, ते जमणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “दसऱ्यानंतर या.” आणि उठून जाताना त्यांचा पाय माझ्या ताटाला लागला. अनारसे अंगणभर पांगले. मी मनात म्हटलं, मुद्दाम केलं म्हाताऱ्यानं.

त्या वर्षी श्रावण दोन आले. मासे खाणाऱ्या माणसावर देवानं एवढा सूड उगवू नये. अधिक श्रावण, मग खरा श्रावण, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. वाईच्या घाटावर उभा राहिलो की पायरीपाशी चुरमुरे खायला येणारे मासे मला लबाड वाटायला लागले. घरी बायको विचारायची, “तुम्हाला खरंच मासेमारी शिकायचीय, की माझ्या बापाला छळायचंय?” हा प्रश्न मी साधारण दिवाळीपर्यंत टाळला.

आश्विन-कार्तिकातल्या त्या सकाळी मला अजून वासानं आठवतात. ओलं पाचट, उन्हानं सुटलेला गाळ, मामांचा तंबाखू. एक ओढा नदीला मिळतो तिथे करंजाखाली तो डोह. वरच्या अंगाला उथळ, खालच्या अंगाला काळं खोल पाणी. पूर उतरून नदी निवळली की चिंगळ्या, बोटभर लांबीचे बारके मासे, लाखांनी उथळात चढतात. ऊन उसावर येईपर्यंत पाणी नुसतं पडून असतं. मग थव्यात एक शहारा जातो. पुन्हा एक. आणि एकदम सगळं उकळतं. मामा म्हणायचे, “पाणी शिजाय लागलं.”

गरम तेलात मोहरी तडतडावी तशा चिंगळ्या पाण्याबाहेर उडायच्या. काही तर भीतीनं काठावरच्या चिखलात येऊन पडायच्या, आणि तिथे बगळा उभाच. वर खंड्या, काठाला बगळा, खाली मरळी. काळ्या पाठीच्या, सापाच्या तोंडाच्या, घाई नसलेल्या. एक एक मरळ थवा रेटत उथळात आणायची आणि तोंड उघडून ‘गपाक्’ असा आवाज करायची. इतकं निर्दय काही मी तोवर पाहिलं नव्हतं. कुणाचंच कुणाशी भांडण नाही आणि तरी सगळे एकमेकांच्या जिवावर. त्या सगळ्या पंगतीत उपाशी राहणारा एकटा मीच होतो.

पहिल्या रविवारी मी पिवळा शर्ट घालून गेलो. मामांनी मला समोर उभं करून बघितलं. “हळद अजून उतरली न्हाई व्हय?” मग ऐन पाणी शिजताना माझ्या मोबाइलवर आरती वाजली. “चूप!” मामा असे ओरडले, की पाणकावळासुद्धा उडाला. मी म्हटलं, “मासे पळाले का?”

“मासं ऱ्हाऊ द्या. मला ऐकू द्या.”

मला वाटलं, हाही एक टोमणा.

दुसऱ्या रविवारी मी गळ बरोबर त्या उकळीच्या मधोमध टाकला. चारदा. हजार तोंडं उघडी असताना माझ्या चिंगळीला कुणी हुंगलंही नाही. मामा दगडावर बसून ऐकत होते.

“मधी टाकताय न्हवं?” ते म्हणाले. “एवढी हजार धडधाकट पळत्यात. तुमचीच का खावी तिनं?”

“मग कुठे टाकू?”

“कडंला. आन् जरा लंगडी चालवा. मरळ लंगडं बघती. थव्यातनं एखादं कडंला पडलं की खालनं उठती.” मग माझ्याकडे तोंडही न वळवता, “मला बी लंगडं लांबनं वळखू येतं. मांडवातच वळखलं हुतं.”

सबंध मोसमात त्यांनी मला शिकवलेलं तेवढंच. त्यातलं अर्धं शिक्षण होतं आणि अर्धं चावणं. कुठलं अर्धं कुठलं, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. तिसऱ्या रविवारी मी गळ मागं घेऊन असा झोकात फिरवला, की मामांची फौजेच्या काळची लोकरी टोपी गळाला लागून डोहात गेली. ती वाहत चालली तेव्हा मामा म्हणाले, “सलाम करा तिला. तिनं सरहद्द बघितली, तुमच्यापुढं हरली.” चौथ्या रविवारी गळ माझ्याच पँटला लागला. पाचव्या रविवारी मला मरळ लागली आणि मी आनंदानं “मामा, मासा!” म्हणून ओरडलो. मरळ गेली, थवा गेला, बगळा गेला. मामा उठून घराकडे चालायला लागले.

हे सगळं मी हसून सांगतोय, पण तेव्हा माझं रक्त उकळायचं. कारण नुसते टोमणे नव्हते. त्यांनी दिलेला चहा माझ्या हाताशेजारी हवेत सोडला होता आणि कप फुटला. जेवताना त्यांच्या कोपरानं तांब्या माझ्या मांडीवर लवंडला. उसाच्या वाटेवर मी बाजूनं चालत असलो तर मला सरळ धक्का देऊन पुढे जायचे. आणि बघायचे नाहीत. मी शेजारी बसलो की त्यांची नजर समोर पाण्यावर गाडलेली. मी तिथे नाहीच. बायकोला मी रडवेला होऊन सांगायचो, “तुझा बाप माझ्याकडे बघतसुद्धा नाही.” पंचवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर पोट भरणारा माणूस मी. हे वाक्य स्वतःच्या तोंडून सहा आठवडे ऐकत होतो आणि मला काही कळत नव्हतं.

सहाव्या रविवारी मी सुधारून गेलो. मोबाइल घरी, शर्ट मळखाऊ, तोंड बंद. पाणी शिजत नव्हतं. मामा पुटपुटले, “करंजाच्या मुळीपाशी. दोन हात अलीकडं.” तिथे मला काहीच दिसत नव्हतं. चिंगळी कडेला टाकली, लंगडी चालवली, आणि हातातला तंगूस, गळाचा दोरा, एकदम जड झाला. ओरडलो नाही. दात आवळून ओढली, चिखलात गुडघ्यानं दाबली, आणि जबड्यात बोटं घालून उचलली. हातभर मरळ! मग चोरपावलांनी मामांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि ती त्यांच्या कानापासून वीतभरावर धरली. आता बघू म्हटलं, काय बोलतात.

मामा पाण्याकडे बघत म्हणाले, “सुटली न्हवं? मला ठावंच हुतं.”

मला आधी वाटलं, हा अपमानाचा नवा प्रकार आहे. मग माझा हात आपोआप हलला. मरळ हळूहळू पुढे आणली. वीतभर. अजून वीतभर. अगदी नाकासमोर आली तेव्हा मामा दचकून मागे सरकले.

माझ्या दुकानात भिंतीवर एक चित्र आहे. काचबिंदू झालेल्या माणसाला जग कसं दिसतं त्याचं: भोवती सगळा काळोख आणि मधे नळीतून बघावं तेवढं उजेडाचं भोक. ते चित्र मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ समजावून सांगतो. ताट, कप, तांब्या, धक्के, सगळं त्या काळोखात रांगेनं उभं राहिलं.

“मामा, बाजूचं दिसत नाही तुम्हाला?”

“चूप.”

“कधीपासून?”

“आवं, चूप म्हणतुया न्हवं?”

“मग मला इथे का आणलंत? दुसरा कुठलाही डोह दाखवला असता, मला काय कळणार होतं?”

मामांनी पाण्यात थुंकल्यासारखं केलं. “तंगुसाला गाठ बसंना झालती. गळाला चिंगळी लावाय जमंना. कुणाचं तरी डोळं लागत हुतं. पोराला आणलं असतं तर पयल्या दिशी वळखलं असतं त्यानं. तुमाला काय कळायचं न्हाई, असा माझा अंदाज हुता.”

सहा आठवडे तो अंदाज बरोबर ठरला होता.

“म्हणजे माझ्यावरचा राग वगैरे...”

“तो वायला. लख्ख दिसत हुतं तवाबी तुमी आवडत नव्हता.”

मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. “म्हसवडच्या सिद्धनाथाची आन घ्या. घरात सांगायचं न्हाई. माझी नदी बंद करत्याल.”

शपथ उजव्या हातानं घ्यायची असते. उजव्या हातात मरळ होती. हात बदलताना ती निसटली, चिखलावरून दोन उड्या मारून डोहात गेली.

“गेली?” मामांनी विचारलं.

“गेली.”

“घ्या आता आन.”

मी घेतली. ती साताऱ्याच्या स्टँडपर्यंत टिकली. तिथून वाईच्या गाडीत बसल्यावर मी स्वतःला समजवायला लागलो, की काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली औषधानं राखता येते, आणि एकेक आठवडा मोलाचा. हे सगळं खरंच होतं. घरी गेल्या गेल्या बायकोला सांगितलं. पण सांगताना माझ्या आवाजात जो उत्साह होता तो मामांच्या डोळ्यांसाठी नव्हता. ती सहा रविवारांची परतफेड होती. बायकोनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन भावाला फोन लावला. तिला कळलं होतं.

पुढचं भराभर झालं. मेव्हणा पुण्याहून आला. सांगलीला डॉक्टरांनी तपासलं, थेंब दिले, उरलेलं राखू म्हणाले. गळाची काठी माळ्यावर गेली आणि शिडी शेजाऱ्यांकडे. मामांची नदी बंद झाली. घरापासून हाकेच्या अंतरावर पाणी, आणि हा माणूस ओट्यावर तिकडे तोंड करून बसलेला. गड्याला सांगून ठेवलेलं, की मामा उसाकडे वळले तर हाक मारायची. मामांनी घरच्यांना काही शिव्या दिल्या नाहीत. मला मात्र तीन वर्षं एक शब्द दिला नाही. महिन्याला थेंबांची बाटली घेऊन मी जायचो. मी दारात दिसलो की ते डोळे मिटून घ्यायचे. उरलेला उजेडाचा तेवढा ठिपका माझ्यावर खर्च करायची त्यांची तयारी नव्हती. मी पायांना हात लावायचो, ते पाय मागे घ्यायचे. टोमणे मारणारा सासरा मी सहन केला होता. गप्प सासरा फार जड असतो.

तर यंदाचा फोन. ‘हातात धरता येणारी वस्तू.’

“मामी,” मी म्हणालो, “मामा द्या.”

“काय?”

“दसऱ्यानंतरची एक सकाळ, डोहावर. मामा हातात धरता येतात.”

मामींनी फोन ठेवला. अर्ध्या तासात मेव्हण्याचा आला. “दाजी, डोकं फिरलंय का? म्हातारं बुडलं तर?”

“मी धरीन.”

“तुमी? तुमाला मरळ धराय येत न्हाई!”

तेही खरंच. पण अधिक महिना होता आणि मागणी जावयाची होती. तीन वर्षांपूर्वी ज्या रिवाजाच्या जोरावर मी त्या माणसाचा डोह काढून घेतला, त्याच रिवाजाचा माझ्याजवळ अजून एक वार शिल्लक होता. मामी शेवटी एवढंच म्हणाल्या, “त्यास्नी घिऊन जाताय तसं माघारी आणा.”

गेल्या रविवारी आम्ही गेलो. उसातून जाताना त्यांनी माझा खांदा धरला. आधारासाठी धरतात तसा नाही, फरारी सैनिकाला पकडून नेतात तसा. नखं रुतत होती. ऊस उंच झालेला, दोन्ही बाजूंनी पानं तोंडावर सपासप येत होती, आणि मला शंका आली, की हा आता मलाही तीन तास फिरवून परड्यात सोडणार. पण डोह आला. त्याच दगडावर ते बसले, मी शेजारी. चिंगळी गळाला लावली, गाठ मारली. बगळा होता. तोच असेल, नसेलही.

ऊन उसावर चढलं. थव्यात शहारा गेला. मला दिसलं. जिभेच्या टोकावर ‘मामा’ आलं होतं. गिळलं.

मामांनी मान किंचित तिरकी केली. “उजवीकडं,” ते म्हणाले. तीन वर्षांतला पहिला शब्द. “वाळल्या फांदीच्या पुढं. कडंला. टाका.”

टाकला. लंगडी चालवली. लगेच तंगूस ताणला गेला. आणि मी, काय सांगू, घाई केली. असा हिसका दिला, की रिकामा गळ परत येऊन करंजाच्या फांदीत अडकला.

मग मामा सुटले. माझा शर्ट, माझा मोबाइल, माझी जीभ, सरहद्द बघितलेली टोपी, म्हसवडच्या देवाची मोडलेली आन, ओट्यावर बसून काढलेली तीन वर्षं, थेंबांची चुरचुर, आणि सगळ्यात शेवटी ती हातभर मरळ, जी मी हात बदलताना सोडली. सगळं अहोजाहो करून. एकही शब्द पडू न देता. “तुमी माणूस न्हवं, जावईबापू, तुमी दुष्काळ हाय!” थवा गेला, बगळा उडाला, डोह गप्प झाला, तरी ते थांबेनात. आज माझ्याजवळ चोख उत्तरं होती. एकही दिलं नाही. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो, जिकडचं त्यांना काहीच दिसत नाही, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत होतो. डोळे ओले होते, थेंबांमुळे असतील. शीर तशीच उडत होती.

ते दम घ्यायला थांबले. मान हलली नाही.

“पाण्याकडं बघा, जावईबापू. माझ्याकडं काय बघताय?”